गेटिसबर्गचा शनिवार

बाबा इकडे आले की त्यांना काय दाखवायचं, हा दरवेळी प्रश्नच असतो. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, आणि मॉलचा त्यांना मनापासून कंटाळा. मागच्या लाँग वीकएन्डला म्हटलं, चला, गेटिसबर्गला जाऊ. पेनसिल्व्हेनियातलं छोटंसं गाव, न्यू जर्सीहून तीन-साडेतीन तास.

गाडीत माझी कॉमेंट्री चालू. १ ते ३ जुलै १८६३. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. चार महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, तिथल्या दफनभूमीच्या समारंभाला लिंकन आला. आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला, लिंकन जेमतेम दोन मिनिटं. शब्द साधारण २७२! "आमच्या मीटिंगांना असा माणूस पाहिजे," असा एक पीजेही मी मारून घेतला. बाबा बाहेरची शेतं बघत होते.

दफनभूमीत थडग्यांच्या अर्धगोल रांगा आहेत. त्यात काही ठिकाणी संगमरवराचे लहान चौकोनी दगड, जेमतेम जमिनीच्या वर आलेले. नाव नाही, नुसता नंबर. ओळख न पटलेले सैनिक, एकूण ९७९. तेव्हा सैनिकांना सरकारकडून ओळखीचे बिल्ले मिळत नसत.

बाबा एका दगडापाशी थांबले. वाकून त्यावरचं वाळकं पान बाजूला केलं.

"नंबर तरी आहे," ते म्हणाले.

मला पटकन कळलंच नाही. मग आठवलं, अण्णाकाका. १९६२, नेफा. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. घरी तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. आजीने शेवटपर्यंत त्यांचं श्राद्ध घालू दिलं नाही. मला माहीत होतं ते एवढंच. घरात कुणी विषय काढत नसे, आणि मीही कधी विचारलं नाही. लिंकनच्या भाषणातले शब्द मला पाठ, पण सख्ख्या काकांचं खरं नाव काय, ते मला तिथे उभं राहून बाबांना विचारावं लागलं.

बाबांनी सांगितलं. मग परतीच्या वाटेवर बरंच काही सांगितलं. काका त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे, शीळ छान घालायचे, विहिरीत पार वरच्या काठावरून उडी मारायचे.

मी रेडिओ लावला नाही. एक एक्झिट चुकली, तरी बाबांना थांबवलं नाही.