झाडू आपला, कंत्राट कुणाचं?

केंद्र सरकारच्या कोणत्याही मोठ्या कार्यालयात सकाळी लवकर जा. झाडू कुणाच्या हातात आहे ते पाहा आणि मग ठेकेदाराचं आडनाव विचारा. मजुरी आपली, नफा दुसऱ्याचा. नोकरीतल्या आरक्षणावर आपण मोर्चे काढतो, कंत्राटावर मात्र गप्प असतो.

बाबासाहेब गप्प नव्हते. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी बांधकामांच्या ठेक्यांचा प्रश्नही मांडला होता.

आज कायद्यात काय आहे? केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. पण खरी मेख पुढे आहे. आपल्या उद्योजकांनी टेंडर भरलंच नाही, तर हे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून पूर्ण करता येतात. म्हणजे आपली गैरहजेरी नियमात बसवून घेतलेली आहे.

या गैरहजेरीचा फायदा घेणारेही आहेत. वस्तीतल्या एका पदवीधर मुलाकडे एक ठेकेदार आला होता. "तुझं जात प्रमाणपत्र दे, फर्म तुझ्या नावावर, महिन्याला ठरावीक रक्कम घे." मुलाने मला विचारलं. मी म्हटलं, सही तुझी असेल तर कर्ज आणि खटलाही तुझाच असेल. त्याने नकार दिला. पण नुसत्या नकाराने त्याचं पोट भरत नाही. त्याला स्वतः टेंडर भरता आलं पाहिजे.

त्यासाठी एवढं माहीत हवं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. भागीदारीत किमान ५१ टक्के वाटा आपला हवा. १९९० पासून बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क आहेत, फक्त प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढा. टेंडरचे कागद मोफत मिळतात, बयाणा रक्कम माफ असते. केंद्राची बरीचशी खरेदी जेम पोर्टलवर होते, तिथे रोज नवी टेंडरं पाहता येतात. नॅशनल एससी-एसटी हब याच मदतीसाठी २०१६ पासून आहे. बिल ४५ दिवसांत मिळालं नाही, तर ऑनलाइन तक्रार करून व्याज मागता येतं.

उलाढाल आणि अनुभवाच्या अटी मात्र अजूनही आडव्या येतात. त्या शिथिल करणं खात्याच्या मर्जीवर आहे. ही मर्जी संपवून सक्तीचा नियम करा, ही आपली राजकीय मागणी असली पाहिजे. कर्नाटकने कायदा करून ठराविक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांना आरक्षण दिलं. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणार कोण?

तोवर प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ टेंडरसाठी ठेवू या. एक लॅपटॉप, एक जाणकार आणि चार-पाच पोरं जमली तरी सुरुवात होते.

जय भीम.