सहावे रीडिंग

सबमिशनची आदली रात्र कशी असते ते होस्टेलवाल्यांना मी काय सांगणार! एक जर्नल, पाच डोकी आणि मध्ये चहाचा थर्मास. त्या रात्री मूळ प्रत माझी होती, त्यामुळे माझा भाव एकदम वधारलेला.

प्रयोग व्हेंचुरीमीटरचा. प्रॅक्टिकलच्या दिवशी बाकी चौघे दांडी मारून मांडवीला पाऊस बघायला गेलेले. माझी पाच रीडिंग झाली आणि त्याच पावसाने लाईट घालवली. पंप बंद! सहावे रीडिंग मग मी खोलीवर बसून 'घेतले'. टाकी भरायला लागलेले सेकंद अंदाजाने ठोकून दिले. चौघांनी ते इमानेइतबारे उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाचही जर्नले शेजारी शेजारी उघडली.

"सहाव्याला सीडी १.०८? वाटेत पाणी वाढलं काय रे?"

सीडी म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह भागिले सैद्धांतिक प्रवाह. घर्षणामुळे प्रत्यक्ष प्रवाह कमीच भरतो, म्हणजे उत्तर एकच्या आत हवे. बरोबर उत्तर पाच जणांचे सारखे येईल हो, पण तीच चूक पाच जणांना कशी सुचेल? भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली, तेव्हा हस्तलिखितांतले पाठभेद ताडूनच पोथ्यांची कुळे लावली होती. आमचे कूळ सरांनी पाच मिनिटांत लावले.

चौघांना प्रयोग पुन्हा. मला म्हणाले, "तुझं स्टॉपवॉच चुकलं असेल. निदान स्वतः केलंस." मी गप्प मान डोलावली.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातले साम्य टक्क्यांत मोजतात. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवते. त्यात चौघे लगेच सापडले असते. माझ्या सहाव्या रीडिंगचे साम्य मात्र शून्य टक्के, कारण ते कुठेच नव्हते, टाकीतसुद्धा नव्हते! पाचांतला सगळ्यात मोठा खोटा मी, आणि सुटलो मीच.

दोन रात्री झोप लागेना. शनिवारी चौघांच्या मागोमाग लॅबमध्ये गेलो आणि सरांना खरे ते सांगून टाकले. सर एवढेच म्हणाले, "मग पाचवा तू. धर स्टॉपवॉच."

सीडी ०.९६ आला.

ज्युनियर मंडळींना सांगणे एकच: लाईट गेली, तर 'लाईट गेली' असेच लिहा.