उधन्यातील एक परीक्षा

मुंबईहून येणाऱ्या गाडीला सुरतेच्या आधी उधना लागते. नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग येथूनच फुटतो. त्याच मार्गाने खानदेशातील कितीतरी कुटुंबे यंत्रमागांच्या आश्रयाला आली. माझे थोरले बंधू त्यांपैकीच एक. मागांच्या खडखडाटात त्यांचे सारे आयुष्य गेले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा अमेरिकेहून आला. तेथे सुट्टीच्या दिवशी तो नेमबाजीच्या मैदानावर जातो. जन्मभर टिकेल असे .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेण्याचा त्याचा विचार होता. शस्त्र म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते. तरी शाळेत एन.सी.सी.ची जबाबदारी सांभाळताना, नेमबाजी ही मुख्यतः श्वासाची आणि संयमाची विद्या आहे, हे मी पाहिले होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. पण ते पिस्तूल.22 चे. मॅग्नमसारख्या जबर काडतुसाला तशा स्पर्धांत स्थानच नाही. मग हा हट्ट कशासाठी?

“काका, एवढा धक्का बसूनही हात स्थिर राहतो का, हेच मला पाहायचे आहे,” तो म्हणाला.

मी त्याला उद्योगनगरातील एका वृद्ध मिस्तरींकडे नेले. बंधूंचे ते जुने स्नेही. धोट्याचे माग भंगारात जाऊन पाण्याच्या झोताने चालणारे माग आले, तरी यांची कार्यशाळा सुरूच आहे. पुतण्याने मोबाइलवर आकृती दाखविली. चाप एकदा ओढला की त्याच ओढीत चक्र फिरून जागी अडकते, घोडा मागे जातो आणि सुटतो.

“म्हणजे आपला मागच की!” मिस्तरी हसले. “ताणा उघडायचा, धोटा फेकायचा, फणी ठोकायची, सारे एकाच यंत्राच्या वेळेवर. वेळ चुकली की धोटा ताण्यात अडकलाच!”

मग पुतण्या एकेक कसोटी सांगू लागला. हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घोडा सावकाश मागे ओढावा. तो पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी चक्र पक्के बसले पाहिजे. चक्र पुढेमागे हलता कामा नये. चक्र आणि नळी यांमधील फट साधारणतः 0.1 ते 0.2 मिलिमीटर असावी. मिस्तरींनी लगेच फीलर गेजचे एक पाते काढून आमच्यासमोर धरले. “एवढीच. सांध्यात खेळ वाढला की ठोका वाढतो, आणि ठोका वाढला की खेळ आणखी वाढतो.”

मॅग्नम काडतूस 1935 सालचे. पुढे हलक्या चौकटीची रिव्हॉल्व्हरे निघाली. त्यांतून हलक्या गोळीची जबर काडतुसे सतत झाडल्याने काहींच्या नळीचे मागील तोंड तडकले. म्हणून 1980 च्या दशकात कारखान्यांनी अधिक भरीव चौकटी काढल्या. लांब नळीचे असे हत्यार सव्वा किलोच्या आसपास भरते. ते वजन धक्का सोसते. शिवाय .357 मध्ये सौम्य .38 स्पेशल काडतूसही चालते, मात्र.38 च्या हत्यारात मॅग्नम कधीही घालू नये.

“मग भरीवच घे. रोजचा सराव सौम्य काडतुसावर कर, जबर काडतूस क्वचित,” मिस्तरींनी निकाल दिला. “यंत्र ताकदीच्या आत चालवले तरच टिकते.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “आणि कानाला काय लावतोस?”

“कधी बोळे, कधी काहीच नाही. मैदान उघडे असते ना!”

मिस्तरींनी हातातले पाते खाली ठेवले. “तुझा बाप जाताना ठणठणीत होता. पण तू अमेरिकेहून फोन केलास की तो नुसता ‘हो, हो’ म्हणायचा. त्याला काही ऐकूच येत नव्हते, पोरा. मागाने कान नेले होते. तू वाईट वाटून घेशील म्हणून कुणी सांगितले नाही.”

मलाही ते ठाऊक होते. मीही सांगितले नव्हते.

परतताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. स्थानकावर त्याने खरेदीची यादी काढली. रिव्हॉल्व्हरच्या वर त्याने लिहिले: कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक, दोन्ही. मग मला म्हणाला, “काका, या रविवारी मोठ्याने बोलायला नको. तुम्हाला नीट ऐकू येते ना?”

मी ‘हो’ म्हणालो. या वेळी ते खरे होते.