पन्नास पानांचे लग्न

आमच्या धाकट्या कन्येचा विवाह गेल्या वर्षी सुक्कोथचा सण उलटल्यावर शिकागोत पार पडला. ज्या आप्तेष्टांना आमंत्रण गेले नाही त्यांची संख्या, ज्यांना गेले त्यांच्यापेक्षा फार मोठी आहे. आणि त्यांतील बहुतेक जण या पत्रिकेचे वाचक आहेत. म्हणून हे चार शब्द. ते क्षमापत्र म्हणून वाचावेत की कैफियत म्हणून, ही वाचकांची मर्जी.

आमचे वास्तव्य डेव्हन ॲव्हेन्यूलगत आहे. या रस्त्यावर एकीकडे साड्यांची, मिठाईची व किराणा मालाची दुकाने, आणि पश्चिमेकडे चालत गेल्यास सिनेगॉगला जाणारी ज्यू कुटुंबे. याच रस्त्याच्या एका तुकड्याला महात्मा गांधींचे व दुसऱ्याला गोल्डा मेयर यांचे नाव सन्मानार्थ दिलेले आहे. दोहोंच्या मध्ये राहण्यास आमच्याइतके योग्य कोण, असा विनोद आम्ही आपसांत करीत असतो.

विवाह ठरताच आम्ही उभयता एका रात्री यादी करावयास बसलो. पहाटेपर्यंत दोनशे चौदा नावे झाली आणि अजून अशदोदचे नातलग उरलेच होते! वराकडील मंडळी इथलीच; त्यांचे पणजोबा पोलंडहून आलेले. त्यांनी व आमच्या कन्येने मिळून ठरविले होते की दोन्ही बाजूंची मिळून पन्नासच माणसे असावीत. "ज्यांना मी नावाने ओळखते तेवढेच या, बाबा," असे ती म्हणाली. लोदच्या थोरल्या आत्यांना फोनवरून हे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अरे, लग्न म्हणजे काय चोरून उरकायची गोष्ट आहे?"

आम्हांलाही तेच वाटत होते. आमचा स्वतःचा विवाह १९७९ साली आग्रीपाड्याच्या मागेन हसिदीममध्ये झाला, तेव्हा सहाशे माणसे होती. कोकणातील गावी तर, वडील मंडळी सांगत, घरोघर जाऊन बोलावणे होई. आळीतील कोणी वगळले तर पिढ्यान्‌पिढ्यांचा अबोला. अर्थात पानांची संख्या मोजण्याची पाळी पूर्वीही आली नव्हती असे नाही. १९६० च्या दशकातील धान्यटंचाईत पाहुण्यांवर सरकारी नियंत्रण होते, आणि २०२० च्या साथीत भारतात लग्नाला पन्नासच माणसांची मुभा होती. पण ती सक्ती होती. आपणहून दार अर्धे लावावयाचे, हे मनाला पटेना.

याच सुमारास इथल्या रब्बींनी आमचा केतुबा पाहावयास मागितला. आमच्या कपाळाला आठी पडली. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये आपल्या समाजाच्या विवाहांबाबत ज्या शंका काढल्या गेल्या आणि १९६४ साली क्नेसेटला आपण सर्व बाबतींत ज्यूच आहोत असे जाहीर करावे लागले, ते आमच्या पिढीला विसरता येत नाही. मागून कळले की रब्बींनी वराच्या आईवडिलांचाही केतुबा मागितला होता. आमचा राग फुकट गेला.

ट्रंकेतून तो कागद काढला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या : एक वडिलांचे मावसभाऊ, दुसरे चाळीतले शेजारी. दोघेही आता हयात नाहीत. सहाशे माणसांपैकी कागदावर राहिली ती दोन. शास्त्रालाही दोन साक्षी आणि शेबा बेराखोतसाठी दहा पुरुष लागतात. याहून अधिक ते मागत नाही.

मग आम्ही जुनी यादी बाजूस ठेवली आणि नव्या कागदावर नावांऐवजी कामे लिहिली. मेंदीची गाणी कोण म्हणेल? मलिद्याचे पोहे नेमके किती भिजवावे हे कोणाला ठाऊक? एलियाहू हन्नाबीचे गीत आपल्या चालीत कोण उचलून धरील? ही माणसे शोधू लागलो तेव्हा खरी अडचण समजली. पन्नास पाने अपुरी पडतील ही आमची भीती होती. इथे तर आपली चाल जाणणारी सात माणसे जमविताना पुरेवाट झाली. त्यांतील दोन वृद्ध भगिनी आमच्या नात्यातल्याही नव्हेत. त्यांच्यासाठी जागा करावयाची म्हणून आमच्या एका सख्ख्या चुलतभावाचे नाव आम्ही आमच्या हाताने खोडले. ते अद्याप आमच्याशी बोलत नाहीत. हे त्यांच्या वाचनात आल्यास एवढेच कळावे, की ते नाव सर्वांत शेवटी खोडले गेले.

वधूसाठी पांढरी साडी घ्यावयास डेव्हनवरील एका दुकानात गेलो. दुकानदारीणबाई गुजराती. "लग्नाला पांढरी?" असे तिने दोनदा विचारले आणि आपल्या मनाने लाल शालू पुढे केला. आमची रीत समजावून सांगितल्यावर तिने आतून रुपेरी काठाची एक साडी आणली आणि किमतीतून थोडे कमी केले, बहुधा दयेने. हिरव्या बांगड्या, नारळ, वेलदोडे, पोहे हे सारे त्याच रस्त्यावर मिळाले.

मेंदी आमच्याच घरी झाली. वराच्या बोटाला मेंदी लावताना त्याच्या आजी जवळ येऊन बसल्या आणि आपलेही बोट त्यांनी पुढे केले. मलिद्याच्या ताटात खोबरे, साखर व पाच फळे मांडली. गाणी सुरू झाली. लोदला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. तरी आत्यांना फोन लावून तो ताटाशेजारी ठेवला. दोन गाणी होईपर्यंत पलीकडून शब्द नाही. आम्हांस वाटले, झोप लागली. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच त्यांचा आवाज आला, "थांबा ग, ते कडवे तसे नाही." चूक दुरुस्त करून त्यांनी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास लावले.