एका कुरणाचे अंतर

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, निअर सॉरी नावाचे छोटे खेडे आहे. तिथे हिल टॉप आणि कासल कॉटेज ही दोन घरे हाकेच्या अंतरावर आहेत. मधे एक रस्ता आणि एक कुरण. पीटर रॅबिटची चित्रकर्ती बिॲट्रिक्स पॉटर १९१३ मध्ये लग्न करून यातल्या दुसऱ्या घरात राहायला गेली. पहिले घर तिचेच होते, हौसेने सजवलेले होते, अनेक पुस्तकांतून जगाने ते पाहिलेही होते. तरी संसार तिथे मांडला नाही. ते विकले नाही, भाड्याने दिले नाही, कपाटांतली चिनी मातीची भांडीही हलवली नाहीत. पुढची तीस वर्षे ती कुरण ओलांडून त्या घरात येत राहिली. कधी चित्र काढायला, कधी पत्रे लिहायला, कधी नुसतेच बसायला.

तिचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनच्या केन्सिंग्टन भागातला. घर सधन. वडील रूपर्ट पॉटर बॅरिस्टर होते, पण वकिलीपेक्षा फोटोग्राफीत अधिक रमणारे. पैसा आला होता दोन्हीकडच्या लँकेशरमधल्या कापडधंद्यातून. आजोबांचा तर कापडछपाईचा मोठा कारखाना होता. मुलीला शाळेत घातले नाही. शिकवणाऱ्या बाया घरी येत. तिच्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ बर्ट्रम आणि ती ससे, उंदीर, बेडूक, वटवाघळे, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग असे प्राणी खोलीत आणत, पाळत आणि मेल्यावर त्यांची हाडे मांडून चित्रे काढत. पॉटरच्या सशाला कोट घातलेला असला तरी कोटाच्या आतले खांदे सशाचेच असतात. ते या अभ्यासातून आले. प्राण्यांना कपडे घालणारे चित्रकार पुष्कळ झाले. कपड्यांखाली प्राणी शिल्लक ठेवणारे थोडे.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहायला घेतली आणि १८९७ पर्यंत लिहिली. ही लिपी तिच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये लेस्ली लिंडर या अभ्यासकाने उलगडली. त्याच काळात तिला अळंब्यांचा नाद लागला होता. स्कॉटलंडमधला चार्ल्स मॅकिन्टॉश हा टपालवाला निसर्गाचा जाणकार होता. तो तिला नमुने पाठवी आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रंगवी. बीजाणू कसे रुजतात यावरचा तिचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला, तो दुसऱ्याच्या हातून. सभेला बायकांना प्रवेश नव्हता. ती वाट तिथेच खुंटली. दुसरी त्याआधीच निघाली होती. ४ सप्टेंबर १८९३ रोजी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, छोट्या नोएल मूरला, तिने चार सशांच्या गोष्टीचे सचित्र पत्र पाठवले होते. ते पत्र पुढे पीटर रॅबिटचे पुस्तक झाले. प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली. मुलांच्या हातात मावेल एवढे पुस्तक आणि उजव्या-डाव्या पानांवर चित्र आणि मजकूर समोरासमोर, हा आग्रह तिचा. सशाच्या बाहुलीचे पेटंट १९०३ मध्ये घेतले तेही तिनेच. व्यवहार तिला कळत होता.

वॉर्न कंपनीत तिची पुस्तके पाहत होता वॉर्न भावांपैकी सर्वांत धाकटा, नॉर्मन. दोघांचा पत्रव्यवहार छपाईच्या रंगांपासून सुरू झाला. २५ जुलै १९०५ रोजी, तिच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, त्याने पत्रातून मागणी घातली. तिने होकार दिला. आईवडिलांनी मोडता घातला, कारण मुलगा धंदेवाईक घरातला. कापडावर उभ्या राहिलेल्या घराने पुस्तकांच्या धंद्याला हलके समजावे, यातला विनोद त्या घरात कुणाला दिसला नसावा. तिने अंगठी घातली; साखरपुडा जाहीर करायचा नाही, एवढी तडजोड केली. बरोबर एका महिन्याने, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. वय ३७. ती तेव्हा आईवडिलांबरोबर वेल्समध्ये होती.

त्याच वर्षी शरद ऋतूत हिल टॉपचा व्यवहार पुरा झाला. ३४ एकरांची ही शेतवाडी तिने पुस्तकांचे मानधन आणि थोडा वारसा यांतून विकत घेतली. शेत सांभाळणाऱ्या जॉन कॅननचे कुटुंब तिथेच राहत होते. त्यांना हलवण्याऐवजी तिने घराला नवी बाजू जोडून दिली आणि जुनी बाजू स्वतःकडे ठेवली. मात्र राहायला मिळे ते तुकड्यातुकड्याने. अविवाहित मुलीने आईवडिलांची उस्तवार करायची, हा लंडनच्या घराचा नियम होता. त्यामुळे सुटीतले काही दिवस सॉरी, बाकीचे वर्ष केन्सिंग्टन.

या तुकड्यांतूनच सर्वोत्तम पुस्तके निघाली. १९०७ च्या टॉम किटनमध्ये हिल टॉपची बाग आहे, १९०८ च्या जेमिमा पडल-डकमध्ये शेतवाडी आणि तिथला केप नावाचा कुत्रा आहे. त्याच वर्षीच्या सॅम्युअल व्हिस्कर्समध्ये तर घराचा जिना, भिंतीतली कपाटे, स्वयंपाकघर असा सगळा आतला भाग येतो. घरात उंदीरघुशींचा सुळसुळाट होता, तोही कथेत कामाला आला. १९०९ च्या जिंजर अँड पिकल्समध्ये गावातले दुकान आहे. ज्या जागी मनसोक्त राहता येत नव्हते तिची एकेक फळी, एकेक दार तिने कागदावर नेऊन ठेवले. भरल्या घरातली माणसे आपल्या जिन्याकडे इतके निरखून पाहत नाहीत.

जमीन वाढवताना स्थानिक वकील लागला. हॉक्सहेड गावातल्या हीलिस कंपनीचा विल्यम हीलिस तिला सौद्यांची माहिती देऊ लागला. १९०९ मध्ये हिल टॉपसमोरची कासल फार्म त्याच्याच मदतीने घेतली. उंच, मितभाषी, गोल्फ आणि लोकनृत्याचा शौकीन असा हा माणूस. कुंपणे, पाण्याचे नळ, गुरांच्या वाटा यांच्या वाटाघाटींतून ओळख वाढत गेली आणि १९१२ मध्ये त्याने मागणी घातली. आईवडिलांनी पुन्हा नकार दिला. आधी प्रकाशक नको होता, आता खेड्यातला वकील नको. ती आजारी पडली.

या पेचात भाऊ बर्ट्रम घरी आला आणि त्याने सांगितले की आपले लग्न होऊन अकरा वर्षे झाली आहेत. १९०२ मध्ये मेरी स्कॉट नावाच्या मुलीशी गुपचूप लग्न करून तो स्कॉटलंडच्या सीमाभागात शेती करत होता आणि आईवडिलांना त्याचा पत्ता नव्हता. त्या घरात एक मूल सांकेतिक लिपीत लिहीत होते आणि दुसरे अख्खा संसार लपवून जगत होते. मुलांनी असे का करावे, हे कळायला चरित्रकाराची गरज नाही. बर्ट्रमच्या कबुलीनंतर विरोध मावळला. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी केन्सिंग्टनच्या सेंट मेरी ॲबट्स चर्चमध्ये मोजक्या माणसांत लग्न लागले. वधू ४७ वर्षांची, वर ४१ चा. नवे जोडपे गावी परतले तेव्हा वाटेत रेल्वे स्टेशनवरून नवा पांढरा वळू उतरवून घेतला, असे सांगतात. नॉर्मनची अंगठी तिने लग्नानंतरही वापरली. १९१८ मध्ये शेतात काम करताना ती अंगठी पडली आणि पुन्हा सापडली.

लग्नाच्याच महिन्यात पिगलिंग ब्लांड प्रसिद्ध झाले. त्यात डुकरांची एक जोडी हद्द ओलांडून निसटते. हे आपले चित्र नव्हे, असे ती म्हणत असे. त्यानंतर पुस्तके विरळ झाली. डोळे थकू लागले होते, १९१४ मध्ये वडील गेले, युद्ध सुरू झाले, शेतावर माणसे मिळेनात. १९१७ मध्ये कंपनी चालवणारा हॅरॉल्ड वॉर्न खोट्या दस्तऐवजांच्या गुन्ह्यात पकडला गेला, तेव्हा बुडत्या कंपनीला हात द्यायला तिने जुनी चित्रे जमवून एक गाण्यांचे पुस्तक दिले. १९१८ मध्ये शहरी आणि गावंढळ उंदराची जुनी गोष्ट हॉक्सहेडच्या गल्ल्यांत बसवली आणि शेवटी आपली पसंती गावाला असल्याचे सरळ लिहून टाकले. मिस पॉटर म्हणून येणाऱ्या पत्रांचा तिला कंटाळा येई. ती आता मिसेस हीलिस होती आणि तिचे मन मेंढरांत होते.

ही मेंढरे म्हणजे हर्डविक. लेक डिस्ट्रिक्टच्या उघड्या डोंगरमाथ्यांवरची काटक जात. कोकरू जन्मते जवळजवळ काळे, पुढे तपकिरी होते आणि वयाबरोबर राखाडी, पांढुरके होत जाते. तोंड मात्र लवकरच शुभ्र होते. लोकर इतकी भरड की अंगाला टोचते. त्यामुळे ती सतरंजी-गालिच्यांच्या कामाची आणि भाव बेताचा. पण त्याच लोकरीतून पाऊस आत शिरत नाही आणि बर्फाच्या ढिगाखाली अडकलेली मेंढी स्वतःची लोकर चघळून कित्येक दिवस तग धरते, असे मेंढके सांगतात.

हर्डविकचा खरा गुण वेगळाच आहे. डोंगरमाथ्यांवर मैलोन् मैल कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपापल्या उतारावर राहतो. हद्द कोणी आखलेली नसते. मेंढी आपल्या पिल्लाला पहिल्या उन्हाळ्यात सोबत हिंडवते आणि कुठवर चरायचे, वादळात कोणत्या दगडाआड उभे राहायचे, हे त्याच्या अंगवळणी पडते. पुढे तेच पिल्लू आपल्या पिल्लाला शिकवते. म्हणून शेतवाडीचे कूळ बदलले तरी कळप जागेवरच ठेवायची पद्धत आहे. मालक येतात-जातात, मेंढी आपल्या डोंगराला धरून असते. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटनभर कळपच्या कळप मारले गेले, तेव्हा हर्डविकबद्दल विशेष धास्ती होती. मेंढ्या विकत आणता येतील, पण त्यांना हा डोंगर कोण शिकवणार?

तरीही एखादी भरकटतेच. तिच्या ओळखीसाठी कानाला ठरलेल्या जागी खाच पाडतात आणि अंगावर रंगाचा पट्टा किंवा ठिपका उमटवतात. प्रत्येक वाडीची खूण निराळी. या खुणांचे पुस्तक १८१७ पासून छापले जात आहे. त्याच्या पानापानावर तीच ती मेंढी, त्याच पवित्र्यात उभी. फरक फक्त कानाच्या खाचेत आणि पाठीच्या रंगात. खाली वाडीचे आणि मालकाचे नाव. वर्षातून ठरलेल्या दिवशी मेंढके जमतात, चुकलेली जनावरे आणतात, पुस्तकाशी ताडून ज्याची त्याला परत करतात आणि मग खाणेपिणे होते. त्या मुलखातले सर्वांत उपयोगी चित्रपुस्तक हेच म्हणायला हवे. त्यात कथा नाही आणि कुणी कोट घातलेला नाही.

१९२३ मध्ये बिॲट्रिक्सने ट्राउटबेक पार्क ही जवळजवळ २००० एकरांची डोंगरवाडी घेतली. मेंढ्यांना यकृतातल्या कृमींनी ग्रासले होते. तिने औषधोपचार करवले, टॉम स्टोरी हा अनुभवी मेंढका नेमला आणि पुढे त्याला हिल टॉपवर आणून प्रदर्शनातल्या हर्डविकची पैदास करवली. पायांत लाकडी तळाचे जोडे, अंगावर हर्डविकच्याच लोकरीचा जाडाभरडा पोशाख, पावसात डोक्या-खांद्यांवर गोणपाट, अशा वेशात ती बाजारात आणि प्रदर्शनांत मेंढ्यांची पाठ चाचपून पाही. जिने सशाच्या खांद्याचे हाड मांडून पाहिले होते तिच्या हाताला हे नवे नव्हते.

विल्यम लिलावांवर लक्ष ठेवी, करार लिही. १९३० मध्ये मंक कॉनिस्टनची सुमारे ४००० एकरांची इस्टेट तिने घेतली आणि त्यातला अर्धा भाग जमिनी आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला मूळ किमतीत दिला. या संस्थेच्या संस्थापकांपैकी पाद्री रॉन्स्ली १८८२ मधल्या उन्हाळी मुक्कामापासून पॉटर कुटुंबाच्या ओळखीचे. जमीन राखायचा विचार तिने त्यांच्याकडून घेतला. पैशांसाठी चित्रेही पुन्हा बाहेर आली. विंडरमिअर सरोवराकाठचा एक पट्टा बांधकामापासून वाचवायला १९२७ मध्ये तिने अमेरिकेतल्या ‘हॉर्न बुक’ मासिकामार्फत पीटर रॅबिटची पन्नास स्वाक्षरीची चित्रे विक्रीला ठेवली. १९२९ चे ‘द फेअरी कॅरव्हॅन’ हे पुस्तकही अमेरिकन प्रकाशकासाठीच. त्यात मेंढ्या बोलतात, फार बोलतात. जुन्या पुस्तकांची आटोपशीर धार त्यात नाही. लग्नाने चित्रकर्ती गिळली, अशी हळहळ काही वाचकांना वाटते. पण तिच्या पत्रांत हळहळ सापडत नाही. तिथे गवत, कोकरे आणि छपरांच्या दुरुस्त्या आहेत.

१९४३ मध्ये हर्डविक पैदासकारांच्या संघटनेने तिला पुढच्या अध्यक्षपदासाठी निवडले. ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली असती. पद हाती येण्याआधी २२ डिसेंबर १९४३ रोजी कासल कॉटेजमध्ये ती वारली. रक्षा टॉम स्टोरीने डोंगरावर विखुरली. जागा गुप्त ठेवायची होती. ४००० हून अधिक एकर जमीन आणि पंधरा शेतवाड्या नॅशनल ट्रस्टकडे गेल्या. डोंगरवाड्यांवरचे कळप शुद्ध हर्डविकच असावेत, अशी तिची अट होती. विल्यम १९४५ च्या ऑगस्टमध्ये गेला. हिल टॉप १९४६ पासून लोकांना पाहायला खुले आहे आणि आतल्या वस्तू तिने ठेवल्या तशाच ठेवल्या जातात. हॉक्सहेडमधली विल्यमची वकिलीची कचेरीही ट्रस्टकडे आली आणि तिचे चित्रदालन झाले. तिथे भिंतींवर बिॲट्रिक्स पॉटरची मूळ चित्रे पाळीपाळीने लावली गेली.