आधी सावली, मग कडा

चंद्र असला की आकाशदर्शनाची रात्र वाया गेली, असे आपल्याकडच्या हौशी निरीक्षकांचे जुने मत. रात्रभराचे कार्यक्रम म्हणूनच अमावास्येच्या आसपास ठरतात आणि त्यासाठी शहरापासून लांब, अंधाऱ्या माळावर जावे लागते. चंदीगडच्या विमानतळाला लागून, मोहालीच्या हद्दीत वसलेल्या एयरोसिटीत हा हिशेब उलटा मांडावा लागतो. इथे विमानतळ रस्त्याचे दिवे आणि नव्या इमारतींचा झगमगाट अमावास्येलाही आकाश काळे होऊ देत नाही. आकाशगंगा, तारकागुच्छ, तेजोमेघ यांची आशा सोडलेलीच बरी. चंद्राला मात्र या उजेडाचे सोयरसुतक नाही. दिवाळीच्या सुमारास पंजाबात पराली, म्हणजे कापणीनंतरचे भाताचे काड, जळते, तिच्या धुराने बिंब तांबूस आणि मंद होते. पण हवा जड आणि स्थिर असली तर त्याच धुरकट रात्री विवरांच्या कडा न थरथरता दिसतात. तेव्हा शहरी गच्चीवरच्या निरीक्षकाने चंद्राकडे वळावे, आणि वळताना हातात कॅमेऱ्याऐवजी पेन्सिल घ्यावी, असे मी म्हणतो. रेखाटन चांगले चित्र देते म्हणून नव्हे. आपण काय पाहिले आणि काय गृहीत धरले, हे वेगळे करायला ते भाग पाडते म्हणून.

या म्हणण्याला पहिला पुरावा 1609 सालचा आहे. त्या वर्षीच्या जुलैत लंडनजवळ थॉमस हॅरियट या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून कागदावर उतरवला. गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्या चित्रात उजेड-अंधाराची एक खडबडीत सीमारेषा आहे आणि थोडे काळपट डाग. विवर एकही नाही. गॅलिलिओने त्याच वर्षाअखेरीस पादुआत काढलेल्या चित्रांत सीमारेषेपलीकडच्या अंधारात सुटे उजळ ठिपके आहेत, आणि हे ठिपके म्हणजे सूर्योदय आधी झालेली शिखरे, हे त्याने ताडले. हॅरियटची दुर्बीण सहापट मोठे दाखवणारी, गॅलिलिओची वीसपट. हा फरक झाकून युक्तिवाद करणे लबाडीचे होईल. पण गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या चित्रकारांत वावरलेला होता, गोलाईवर सावली कशी पडते हे त्याच्या हाताला ठाऊक होते. मार्च 1610मध्ये या निरीक्षणांचे त्याचे पुस्तक निघाले आणि त्या जुलैत हॅरियटच्याही कागदावर विवर उमटले. बरी दुर्बीण मिळाली हे एक कारण. काय शोधायचे ते कळले हे दुसरे.

इथेच खरा आक्षेप उभा राहतो. शोधायचे ते कळले की माणसाला ते नसतानाही दिसते. लहानपणी चांदोबावर ससा दाखवतात, मग जन्मभर तो ससाच दिसतो. गॅलिलिओच्या चित्रातले ठळक विवर, जे बहुधा अल्बाटेग्नियस, ते प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठे आहे. 1866 साली अथेन्सच्या युलिउस श्मिटने जाहीर केले की चंद्रावरच्या प्रशांतिसागर नावाच्या काळपट मैदानातले लिने हे विवर बदलले आहे. आधीच्या नकाशांत ठसठशीत खोल विवर, आता नुसता पांढुरका डाग. पुढे बरीच वर्षे वाद चालला. यानांच्या छायाचित्रांत लिने जेमतेम सव्वादोन किलोमीटर रुंदीचे, भोवती उजळ धुळीचे वलय असलेले विवर आहे आणि ते बदललेले नाही. 1953मध्ये जॉन ओनील या अमेरिकन निरीक्षकाला तर संकटसागराच्या काठी चक्क नैसर्गिक पूल दिसला. तो निघाला कलत्या उन्हातल्या सावल्यांचा खेळ. हे सगळे खरे. पण चूक हाताची म्हणण्याआधी ती कुठे झाली ते पाहावे. लिनेच्या बाबतीत वेगवेगळ्या उन्हात काढलेली चित्रे शेजारी ठेवून निष्कर्ष काढला गेला. पुलाच्या बाबतीत सावलीला आकार समजले गेले. दोन्ही ठिकाणी घाई झाली ती अर्थ लावण्याची.

आणि नेमकी ही घाई रोखण्याची रीत रेखाटनात आहे. सीमारेषा, म्हणजे निरीक्षकांच्या बोलीतला टर्मिनेटर, चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे 15 किलोमीटरने सरकते. 93 किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर शुद्ध नवमी-दशमीला उजळू लागते तेव्हा आयपीसमध्ये पूर्वेकडची भिंत अंधारात, पश्चिमेची लख्ख आणि मधल्या शिखरांची टोके सुटी, असे दिसते. अर्ध्या-पाऊण तासात हे रूप बदलणार असते. म्हणून आधी काळ्या सावल्यांच्या कडा काढायच्या, घड्याळातली वेळ समासात लिहायची, मग भिंतींचे पायरीवजा थर, आणि करडा रंग सगळ्यात शेवटी, कागदाच्या गुंडाळीने घासून. मोटर नसलेल्या दुर्बिणीत दीडशेपट मोठेपणाला बिंबाचा तुकडा दीड मिनिटाच्या आत दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. दर खेपेला नळी ढकलून पुन्हा बघावे लागते, आणि दर खेपेला मघाची एखादी रेघ चुकल्याचे कळते. खोडरबर इथे पेन्सिलीइतकेच कामाचे. अष्टमीच्या सुमारास ब्लांकिनस, ला काइल आणि पुरबाख यांच्या कडांवर ऊन पडून इंग्रजी एक्स अक्षर उमटते, तीन-चार तासांत विरते. एकच छायाचित्र पाहणाऱ्याला ते चंद्रावर कोरलेले वाटेल. तासाच्या अंतराने दोन रेखाटने करणाऱ्याला ते तीन विवरांच्या कडा असल्याचे आपोआप उमगते. ओनीलचा पूल याच परीक्षेत कोसळला असता.

कॅमेरा यापेक्षा तपशील जास्त टिपतो, यात वादच नाही. हल्लीचे हौशी छायाचित्रकार चंद्राचा व्हिडिओ घेतात, संगणक हजारो चौकटींतून स्थिर तेवढ्या निवडून एकावर एक रचतो. चांद्रयान-2च्या कॅमेऱ्याला तर मीटरभराहून लहान वस्तू दिसतात. आपल्या पेन्सिलीची त्यापुढे काय कथा. पण चौकटी निवडायचे काम डोळाही करतो, हवा क्षणभर थांबली की तेवढेच धरून ठेवतो. फरक एवढाच की तिथे निवड करणारा आपण असतो आणि आपल्याला ती कळते. ‘चित्रकला येत नाही’ ही सबब तर टिकणारी नाही. वर्तुळ काढायला बांगडी पुरते.

वेळ मात्र पाहून निवडावी. भाऊबिजेची कोर ओवाळण्यापुरतीच थांबते, आणि कार्तिकातली अष्टमी उत्तर भारतात दक्षिणेकडे खाली असते, म्हणजे जास्त जाडीच्या, थरथरत्या हवेतून बघावे लागते. होळीआधीची अष्टमी त्याहून कितीतरी सरस. तेव्हा दिवस मावळताना चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात तो अशा वेळी माथा ओलांडून उत्तरेकडेही कलतो, इथे मोहालीत साधारण 30.7 उत्तर अक्षांशावर तसे कधीच होत नाही, त्यामुळे दोन गावांतली रेखाटने जुळवताना कागद फिरवावा लागतो. साध्या बैठकीवर हाताने फिरवायची डॉब्सोनियन दुर्बीण माथ्यावर रोखणे त्रासाचे, आणि दिवसभर तापलेली गच्चीही तेव्हा वाफ सोडत असते. आठाच्या सुमारास चंद्र पश्चिमेला उतरला की खुर्ची मांडावी.