गुलमर्गच्या गोंडोलाचे नियोजन: उंची, वारा आणि परत फिरण्याची मुभा

पीर पंजाल रांगेच्या उतारावर वसलेल्या गुलमर्ग येथील गोंडोला हा दोन टप्प्यांचा रज्जुमार्ग आहे. त्याचा पहिला टप्पा सुमारे 2,650 मीटर उंचीवरील गुलमर्गपासून सुमारे 3,080 मीटरवरील कोंगडोरीच्या कुरणापर्यंत जातो, तर दुसरा टप्पा तेथून अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटर उंचीवर बांधलेल्या स्थानकापर्यंत पोहोचतो. पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने 1980च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे काम खोऱ्यातील दहशतवादामुळे बरीच वर्षे रखडले. पहिला टप्पा 1998मध्ये आणि दुसरा 2005मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. आज काश्मीरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलीत गुलमर्गचा दिवस ठरलेलाच असतो. मात्र त्या दिवसाची आखणी बहुधा ‘फेज वन की फेज टू’ एवढ्या एकाच प्रश्नावर उरकली जाते आणि या प्रश्नामागे शरीर, हवामान व यंत्र यांचा जो विचार व्हायला हवा तो होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील कुटुंबाने मे महिन्याच्या सुट्टीत केलेल्या अशाच एका सहलीच्या पूर्वतयारीचा हा वृत्तान्त आहे.

गोंडोला म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतल्याने नियोजनाला पुष्कळ मदत झाली. महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा रायगडचा रोपवे 1996पासून चालू असून त्याची रचना वेगळी आहे. तेथे एका बाजूचे पाळणे वर जात असताना दुसऱ्या बाजूचे खाली येतात आणि पाळणे स्थानकात थांबले की दोरही थांबतो. सप्तशृंगगडावर 2018मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली तर रुळांवरून चढते, म्हणजे ती हवेतून जातच नाही. गोंडोलामध्ये पोलादी दोराचे एक अखंड वेटोळे दोन टोकांच्या मोठ्या चक्रांभोवती सतत फिरत राहते, आणि प्रत्येक केबिन स्प्रिंगच्या दाबाने घट्ट होणाऱ्या पकडीने त्या दोराला धरून असते. स्थानकात शिरताच ही पकड दोरावरून सुटते, केबिन संथ गतीने पुढे सरकत असताना प्रवासी चढतात किंवा उतरतात आणि बाहेर पडताना पकड पुन्हा दोराला बसते. केबिन पूर्ण थांबत नसल्यामुळे, गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला चढण्या-उतरण्यासाठी मोजकेच क्षण मिळतात, ही गोष्ट घरी बसून तिकिटे काढताना लक्षात येत नाही. कुटुंबातील आजींच्या आधी कोण चढणार, त्यांचा हात कोण धरणार आणि सहा आसनांच्या केबिनमध्ये कोणी कोणासोबत बसायचे, हे त्यामुळे पुण्यातच ठरवण्यात आले. वेग कमी करण्याची विनंती तेथील कर्मचाऱ्यांना करता येते, परंतु ती रांगेत असतानाच करावी लागते.

खरा विचार करावा लागला तो उंचीचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. श्रीनगर सुमारे 1,585 मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या 1,646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्याला ते जवळजवळ गाठते, आणि खोऱ्याच्या सपाट तळात, दल सरोवराच्या काठी बसलेल्या प्रवाशाला याची जाणीवही होत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र जवळपास सारखेच, म्हणजे 21 टक्के असते. मात्र उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासासोबत फुप्फुसांत पोहोचणारा प्राणवायू त्या प्रमाणात कमी होतो. समुद्रसपाटीचा दाब शंभर मानला तर गुलमर्गला तो सुमारे 72, कोंगडोरीला सुमारे 68 आणि अफरवटच्या स्थानकावर सुमारे 61 एवढाच उरतो. गुलमर्ग ते कोंगडोरी हा फरक बहुतेक निरोगी माणसांना सहज पेलतो. कोंगडोरी ते अफरवट हा चढ त्याच्या दुप्पट उंचीचा आहे आणि केबिन तो साधारण पाव तासात संपवते. पायी चढणाऱ्याला दम लागून जी सूचना मिळत जाते, ती बसून वर जाणाऱ्याला मिळत नाही. म्हणून वर उतरल्यावर पहिली काही मिनिटे स्थानकाजवळच उभे राहावे, लहान मुलांना धावू देऊ नये आणि डोके जड होणे, मळमळणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही जाणवल्यास उतरणीच्या रांगेत लागावे, असे घरच्या डॉक्टरांनी बजावले होते. बाजारात मिळणाऱ्या प्राणवायूच्या छोट्या डब्यांविषयी त्यांचे मत स्पष्ट होते: त्यातील वायू काही मिनिटेच पुरतो, आणि उंचीच्या त्रासावरचा खात्रीचा उपाय खाली उतरणे हाच आहे.

आजींना उच्च रक्तदाबाचा जुना त्रास असून औषधांनी तो आटोक्यात आहे. त्यांनी कोंगडोरीपर्यंत जावे, पुढे जाऊ नये, असा सल्ला मिळाल्यावर घरात स्वाभाविकच प्रश्न उभा राहिला की मग बाकीच्यांनी काय करावे, कारण मुलांना बर्फ हवा होता. मे महिन्यात गुलमर्गच्या कुरणावर बहुधा हिरवळ आलेली असते, कोंगडोरीच्या आसपास सावलीतल्या घळींत थोडाफार बर्फ टिकतो आणि भरपूर बर्फ अफरवटच्या उतारांवरच, बऱ्याच वर्षी जूनपर्यंत, राहतो. शाळांच्या सुट्ट्या आणि बर्फाची जागा यांचा मेळ न बसणे हीच मराठी कुटुंबांची मुख्य अडचण आहे, आणि याच अडचणीपोटी अनेक घरांतील वृद्धांना ‘एवढे आलोच आहोत तर’ असे म्हणत दुसऱ्या टप्प्यावर नेले जाते. हे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. एखाद्या गटाने किती उंच जायचे हे त्यातील सर्वांत धडधाकट माणसाच्या उत्साहावरून ठरू नये. ते सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसावरून ठरावे, किंवा गटाने उघडपणे दोन भागांत विभागून जावे. या कुटुंबाने दुसरा मार्ग पत्करला: आजी आणि त्यांची सून कोंगडोरीला थांबतील, मुलगा व नातवंडे वर जातील, आणि वरच्या गटाने परतायची वेळ आधी ठरवून ती पाळायची. आजींनी स्वतःच ही वाटणी सुचवली होती, ही बाब नोंदवणे आवश्यक आहे, कारण वडीलधाऱ्यांना मागे ठेवण्याचा निर्णय त्यांच्यापासून लपवून घेतला की त्यांना तो अपमान वाटतो.

दुसरा अनिश्चित घटक वारा. पहिला टप्पा सूचिपर्णी वृक्षांच्या दाट रानातून जातो, तर दुसरा वृक्षरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीनंतर झाडे वाढत नाहीत त्या मर्यादेच्या वर निघतो, आणि उघड्या धारेवर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. त्यामुळे खाली स्वच्छ ऊन असतानाही वरचा टप्पा बंद असू शकतो. वाऱ्याचा धोका किती खरा आहे हे 25 जून 2017 रोजी दिसून आले; त्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्याने उन्मळलेले झाड रज्जुमार्गावर कोसळून झालेल्या अपघातात दिल्लीच्या एका कुटुंबातील चौघे आणि त्यांच्यासोबतचे तीन स्थानिक वाटाडे, असे सात जण मरण पावले. ही घटना ठाऊक असलेल्या प्रवाशाने टप्पा बंद झाल्यावर खिडकीपाशी वाद घालणे कोणत्याच दृष्टीने समर्थनीय ठरत नाही. दुपारनंतर ढग दाटण्याची शक्यता अधिक असल्याने सकाळची वेळ घ्यावी आणि त्यासाठी आदल्या रात्री श्रीनगरऐवजी गुलमर्गलाच मुक्काम करावा, असे ठरले. श्रीनगर सुमारे 50 किलोमीटर दूर आहे आणि तंगमर्गनंतरचा वळणांचा घाट हंगामात वाहनांनी भरतो. या मुक्कामाचा दुसरा लाभ असा की शरीराला एक रात्र 2,650 मीटरची सवय होते.

तिकिटे ऑनलाइन, ठराविक वेळेसाठी आणि ओळखपत्राच्या आधारे मिळतात, आणि सुट्टीच्या काळात ती लवकर संपतात. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नसल्यामुळे तिकिटांच्या छापील प्रती व एक पोस्टपेड क्रमांक सोबत ठेवणे गरजेचे आहे. कपड्यांचा हिशेबही उंचीवरूनच करता येतो: दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते, म्हणजे गुलमर्गपेक्षा अफरवटला सुमारे 8 अंशांनी थंडी जास्त, त्यात वारा वेगळाच. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना घातक असल्याने मुलांसाठीही गडद चष्मे घेतले होते. गमबूट व ओव्हरकोट तंगमर्गला भाड्याने मिळतात. पावले कोरडी राहतील असे बूट तेथे नीट घालून पाहून घ्यावेत, घाई करू नये.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळील बैसरण येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात 26 जणांनी प्राण गमावले आणि त्यांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. त्या आठवणीचे ओझे असताना काश्मीरचा बेत आखणे या कुटुंबाला सोपे गेले नाही. प्रशासनाच्या सूचना तपासत राहावे आणि स्थिती बिघडल्यास सहल रद्द करावी, एवढी तरतूद ठेवूनच आरक्षणे करण्यात आली.

प्रत्यक्ष त्या सकाळी पहिला टप्पा वेळेवर चालू होता आणि वाऱ्यामुळे दुसरा बंद होता. मुले हिरमुसली, तथापि कोणालाही धक्का बसला नाही, कारण ही शक्यता त्यांना पुण्यात असतानाच सांगून ठेवली होती आणि कोंगडोरीचा दिवस तेवढ्यापुरताही पूर्ण वाटावा अशी त्याची आखणी होती. एका घळीत उरलेल्या मळकट बर्फावर नातवंडांचा बराच वेळ गेला. आजी कुरणावर काठी टेकत सावकाश फिरल्या, कहवा घेतला, आणि त्यांना अपेक्षेपेक्षा कमी दम लागला. वाटणी करून दूर बसण्याऐवजी सगळे कुटुंब एकाच ठिकाणी राहिले, याचा त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही. उत्तरेकडे ढग असल्यामुळे 8,126 मीटर उंचीचा नंगा पर्वत मात्र दिसला नाही.

एका गोष्टीचा विचार तेवढा तेथे पोहोचल्यावर झाला. अफरवटवर सोबत येण्यासाठी आदल्या संध्याकाळी एका स्थानिक वाटाड्याशी दर ठरवला होता, आणि टप्पा बंद झाल्याने त्याचे मुख्य काम उरले नव्हते. प्रवाशाला न वापरलेल्या तिकिटाचे पैसे नियमानुसार परत मिळू शकतात. वाटाड्याचा बुडालेला दिवस भरून देणारा असा कोणताच नियम नाही, शिवाय वर्षातील कामाचे महिने थोडे असतात आणि त्यांतलेही किती दिवस वारा हिरावून घेईल हे कोणाच्या हाती नसते. त्याला ठरलेली रक्कम पूर्ण द्यावी, असे आजींनी सुचवले व सर्वांना ते पटले. तो दुपारपर्यंत कुटुंबासोबत राहिला, उतरताना केबिनच्या दारात आजींचा हात त्यानेच धरला, आणि गुलमर्गच्या स्थानकावर वेग कमी करण्याची विनंतीही काश्मिरीतून त्यानेच केली.